चहाच्या डब्यातच मसाला मिसळावा का?

वाफाळता: माझ्या मते अजिबात नाही. वेलदोड्याचा वास उडून जाणाऱ्या तेलात असतो. दाणे सालीत असतात तोवर टिकतो, दळले की फिका पडत जातो. सुंठ-मिरीचा तिखटपणा मात्र तसा उडत नाही. त्यामुळे महिन्याभराने त्याच डब्यातला चहा घसा जाळतो आणि वास कशाचाच येत नाही. शिवाय बारीक मसाला तळाशी बसतो. वरचा चहा मिळमिळीत, शेवटचे चार कप म्हणजे नुसता काढाच!

बरणी: असहमत. चूक मिसळण्यात नाही, पीठ करण्यात आहे. खलबत्त्यात भरड कुटा, पीठ चाळून काढा, दाणा सीटीसीच्या (नेहमीच्या दाणेदार चहाच्या) दाण्याएवढा ठेवा. 250 ग्रॅम चहाला सुंठ 12 ग्रॅम, वेलदोडे सालीसकट 8, मिरी 3, दालचिनी 3, लवंग 1. लवंग वाढवली तर दुसऱ्या कशाची चवच लागत नाही, म्हणून तिथे हात आखडता. मसाला कोमट तव्यावर फक्त ओल जाईपर्यंत, आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात. एका वेळी पंधरा दिवसांपुरताच करा. घरात चहा कोणीही टाको, चव तीच.

वाफाळता: भरड म्हणताय, पण वेळेचं काय? सीटीसी दोन-तीन मिनिटांत उतरते, सुंठेच्या तुकड्याला त्याच्या दुप्पट तरी हवीत. कमी उकळलं तर मसाला गाळणीत जातो, जास्त उकळलं तर चहा तुरट. वेगळा मसाला आधणात आधी पडतो, चहा नंतर. डब्यातल्या मिश्रणात ही सोय नाही.

सालपट: दोघंही दुधाच्या चहापुरतंच बोलताय. कोऱ्या चहासाठी संत्र्याची साल डब्यातच मिसळायला हवी, कारण चहाची पानं आजूबाजूचा वास ओढतात. अर्ल ग्रे या सुगंधी चहात बर्गमॉटचं (संत्र्याच्या कुळातल्या फळाचं) तेल पानांवर चढवतात, तत्त्व तेच. नागपुरी संत्र्याची साल सैल आणि पातळ, त्यामुळे सोपं जातं. संत्रं कोमट पाण्याने घासून धुवा, सालीचा आतला पांढरा भाग खरवडा (कडवटपणा तिथला), बारीक पट्ट्या सावलीत वाळवा. वाकवली की कटकन मोडली पाहिजे. नुसती वाकली तर अजून ओली आहे, डब्यात बुरशी येणार. 50 ग्रॅम दार्जिलिंग पानांना 5 ग्रॅम साल, घट्ट झाकणात आठवडाभर. सीटीसीवर हे वाया घालवू नका, तिच्या कडकपणात संत्रं सापडत नाही. आणि यात दूध नाहीच.

गवती: ओल्या जिनसांबद्दल कोणी बोललंच नाही. गवती चहा वाळवून डब्यात टाकणं मला पटत नाही, ताज्या पातीपुढे तो गवतासारखाच लागतो. दोन कपांना दोन-तीन पाती, गाठ मारून थंड पाण्यातच टाका. आलं किसून आधणात दोन-तीन मिनिटं उकळू द्या, मग चहा, मग दूध. कोमट दुधात कच्चं आलं पडलं की त्यातलं एन्झाइम दुधातल्या प्रथिनाला तोडतं आणि दूध फाटतं. उकळीत ते एन्झाइम निकामी होतं. गूळ घालणाऱ्यांनी तो गॅस बंद केल्यावरच घालावा.

बरणी: दूध फाटण्याची ही भीती सुंठेत जवळपास नाही, हे डब्याच्याच बाजूने जातं. वाफाळता, वेळेचा मुद्दा मान्य. मग सुंठ-मिरी बारीक दळून डब्यात घाला. तिखटपणा उडत नाही हे तुम्हीच म्हणालात, आणि बारीक असली की दोन मिनिटांत उतरते. चहा डस्ट (बारीक भुकटी) घेतलात तर तळाशीही फारशी बसत नाही. वेलदोडा तेवढा आयत्या वेळी कुटा, दोन कपांना एक.

वाफाळता: म्हणजे वेलदोडा डब्याबाहेर आलाच की!

बरणी: वेलदोडाच. लवंग-दालचिनी अजून आतच आहेत.