अनुभव धागा: लॉजची चादर आणि आपली झोप (खानदेशातले मुक्काम)

लग्नसराई तोंडावर आलीय. सारंगखेड्याची यात्रा, तोरणमाळची थंडी, अजिंठ्याला जाताना जळगाव-भुसावळचा एखादा मुक्काम, कारण काहीही असो, रात्री परक्या गादीवर आडवं व्हावंच लागतं. खोली बघताना आपण एसी, गिझर, पार्किंग विचारतो. अंथरूण मात्र पाठ टेकल्यावर कळतं. तुम्ही काय बघता, काय सोबत नेता, कुठे फसलात ते लिहा. लॉजचं नाव लिहू नका, भांडणं नकोत. चांगला अनुभवही चालेल.

फिरतीवाला
औषध कंपनीत आहे, शिरपूर-शहादा-नंदुरबार हा माझा कायमचा पट्टा. खोलीत शिरल्यावर पहिल्यांदा चादरीच्या घड्या बघायच्या. धुऊन इस्त्री केलेल्या चादरीवर चौकोनी घड्यांच्या रेषा उठून दिसतात. हाताने झटकून पुन्हा टाकलेल्या चादरीला रेषा नसतात, मधोमध सुरकुत्या असतात आणि उशापाशी हमखास एखादा केस. पोरगा म्हणतो, "सकाळीच बदलली साहेब." एका ठिकाणी तर चादर उलटी करून टाकली होती, शिवण वर! वाद घालत नाही. "माझ्यासमोर दुसरी टाक," एवढंच म्हणतो, आणि शंभरातल्या नव्वद वेळा टाकतात. उशीचा अभ्रा मात्र घरचाच. लॉजच्या उशीला आधीच्या दहा जणांच्या खोबरेल तेलाचा वास असतो, तो अभ्रा बदलूनही जात नाही.

डबल बेडवर सिंगलच्या दोन चादरी जोडून टाकणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही. मध्यरात्री कमरेखाली गादी लागते तेव्हा काय ते बोलून घेतो.

भुसावळकर
ढेकूण. आमच्याकडे पाहुणे अजिंठा बघायला आले, घरात जागा कमी म्हणून चांगल्या महागड्या हॉटेलात उतरवले. सकाळी वहिनीच्या दंडावर ओळीने लाल गांधी, तीन-चार एका रेघेत. डासाच्या अशा रांगेत नसतात. मग मोबाइलचा टॉर्च लावून गादी उचलली. वरची चादर पांढरीशुभ्र, पण गादीच्या काठाला जी पायपिंगची शिवण असते तिच्या आत काळे ठिपके, पेनाचं टोक टेकवल्यासारखे, आणि फिक्कट तपकिरी रिकाम्या कातीसुद्धा. ते ठिपके म्हणजे त्यांची विष्ठा. पलंगाच्या डोक्याकडच्या फळीमागे जिवंत सापडले.

तेव्हापासून आमचा नियम: आधी गादीचे कोपरे आणि फळी बघायची, मगच बॅग उघडायची. तोवर बॅग बाथरूमच्या फरशीवर, पलंगावर अजिबात नाही. स्वच्छतेशी याचा थेट संबंध नाही, ढेकूण बहुतेक वेळा पाहुण्यांच्या सामानातून येतात, त्यामुळे भाडं जास्त म्हणजे धोका नाही असं समजू नका. घरी आल्यावर कपडे थेट कढत पाण्यात, साठ डिग्रीला मरतात. डांबरगोळ्यांनी काही होत नाही. ढेकणांमुळे रोग पसरतो असं आढळलेलं नाही, एवढंच समाधान.

अमळनेरची सून
तुमच्याकडे निदान हॉटेल! आम्हाला जानोशात (लग्नाच्या वऱ्हाडाची उतरायची जागा) बिछायतवाल्याच्या भाड्याच्या गाद्या. एका लग्नातून निघालेल्या दुसऱ्या लग्नात, मध्ये धुणं नाही. खोळीवर हळदीचे पंजे, एका कोपऱ्यात आइस्क्रीम वाळलेलं. मी नाक मुरडत उभी, तर आत्याबाईंनी पिशवीतून जुनं सुती लुगडं काढलं, चौघडी करून अंथरलं आणि म्हणाल्या, "काय व्हयनं? झोप आते." (काय झालं? झोप आता.) लुगडं एकच, बायका पाच. आडव्या झोपलो. आता मीही जुनी सुती साडी सोबत नेतेच. वजनाला हलकी, धुतली की तासात वाळते, अंथरायलाही होते आणि पांघरायलाही.

एसटी मुक्कामी
मुक्कामी गाडीवर असतो. माझी वळकटी माझीच. विषय संपला.

नंदुरबारचा मास्तर
तोरणमाळला सहल नेतो. डिसेंबरात तिथे चादरीचा नाही, ब्लँकेटचा प्रश्न असतो. चादर रोज धुता येते, जाड ब्लँकेट कोण धुणार? रेल्वेच्या एसी डब्यातही चादर आणि अभ्रा प्रत्येक प्रवासाला धुतलेला असतो, ब्लँकेट मात्र महिन्यातून किमान एकदा, हे 2024 मध्ये लोकसभेत रेल्वेमंत्र्यांनीच सांगितलं. म्हणून दोन चादरी देतात, एक खाली आणि एक ब्लँकेटच्या आत. लॉजवरही जास्तीची चादर मागून घ्यायची, ती अंगालगत, ब्लँकेट वरून, आणि चादरीची पट्टी गळ्याशी बाहेर दुमडायची. मुलांना हे शिकवलं, आता तीच मॅनेजरकडे चादर मागतात.

जळगावचा घामट
मे महिन्यात कुणी इकडे येत असाल तर चादरीखाली हात घाला. काही ठिकाणी गादी खराब होऊ नये म्हणून रेक्झिनची खोळ असते. त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्रीत रात्री लाइट गेली की माणूस त्यावर चिकटतो. मी चादर उचलली, गच्चीवर गेलो, दोन बादल्या पाणी ओतून फरशी थंड केली. मॅनेजर आधीच तिथे झोपला होता.

लॉजवाला (धुळे)
आमचंही ऐका. एका पलंगाला तीन सेट लागतात: एक अंथरलेला, एक धोब्याकडे, एक कपाटात. ज्याच्याकडे दोनच आहेत तो लग्नाच्या तारखेला उलटी चादर टाकणार. पांढरी चादर यासाठी की ती ब्लीचमध्ये टाकता येते, रंगीत टाकली की ठिपकेदार होते. आमच्या बोअरच्या क्षाराच्या पाण्यात पांढरी सहा महिन्यांत पिवळट आणि कडक पडते, पण ती धुतलेली असते. उलट गडद फुलाफुलांची चादर बघून खूश होऊ नका, तिच्यावर काहीच दिसत नाही. पावसाळ्यात अर्धवट वाळलेल्या चादरीला कुबट वास येतो, ती खुशाल परत करा. हळदीला साबण लागला की डाग लाल होतो, गिऱ्हाईक रक्त समजून ओरडतं. दोन दिवस उन्हात टाकला की उडतो. मेंदी आणि केसांचा काळा डाय यांच्यापुढे आम्ही हात टेकले.

रावेरचा केळीवाला
लॉजवाले भाऊ, आमच्या कपड्यांना केळीचा चीक लागलेला असतो. माल भरून उशिरा मुक्कामाला आलो की आम्हाला मुद्दाम चॉकलेटी चादर देतात, खरं की नाही?

लॉजवाला (धुळे)
खरं आहे. लिंबू, रॉकेल, ब्लीच, सगळं करून बघितलं. तुम्ही आंघोळ करून झोपलात तर पांढरी देतो.