रिपोर्टमध्ये टेअर आला म्हणून घाबरू नका

खांद्याच्या एमआरआयमध्ये पार्शल टेअर (स्नायूला हाडाशी जोडणारा टेंडन थोडासा फाटलेला) आलाय, आता ऑपरेशनच का असं तुम्ही विचारलंय, तर आधी एक सांगते, साठीनंतर काहीही दुखत नसलेल्या बऱ्याच लोकांच्या खांद्यातही असे टेअर सापडतात, त्यामुळे नुसत्या रिपोर्टवरून ठरवू नका. हात बाजूने वर नेताना साधारण ६० ते १२० अंशांच्या मधेच कळ येते का, त्या कुशीवर झोपवत नाही का, तसं असेल तर दुखणं रोटेटर कफचं, म्हणजे खांद्याभोवतीच्या स्नायू आणि टेंडनचं, असण्याचीच शक्यता जास्त. पण दुसऱ्याने धरून फिरवला तरी हात बाहेरच्या बाजूला वळत नसेल तर तो बहुतेक फ्रोझन शोल्डर, म्हणजे आखडलेला खांदा, त्याची ट्रीटमेंट वेगळी.

माझं दुखणं फिजिओथेरपीनेच गेलं, पहिला महिनाभर काहीच फरक वाटेना आणि मी सोडूनच देणार होते, म्हणून कळकळीने सांगतेय, निदान १२ आठवडे तरी द्या. रबर बँडचे व्यायाम हळूहळू वाढवा, करताना थोडं दुखलं तर चालतं, रात्रभर ठणकलं तर दुसऱ्या दिवशी कमी करा. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे आराम पडतो, तेवढ्यात व्यायाम सुरू करून घ्यायचा. मात्र पडल्यावर अचानक हात उचलताच येईनासा झाला असेल तर थांबू नका, लगेच ऑर्थोपेडिकला दाखवा.