‘ऑल्दो’नंतर ‘बट’ लिहिलं म्हणजे अडाणी?

शाईपेन: काल इथे कुणी लिहिलंय, ‘ऑल्दो… बट’ दिसलं की अर्ज तिथेच बाजूला टाकतो. डोकं तापलं म्हणून लिहितेय. आपण म्हणतो, ‘जरी पाऊस होता तरी गेलो.’ ‘तरी’ काढा, वाक्य लंगडं पडतं. तीच जोडी पोरं इंग्रजीत नेतात: ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट आय वेंट.’ चूक आहेच, दोन्हींतलं एकच ठेवायचं. पण अडाणीपणा कसला त्यात? मराठी पक्की आहे म्हणून होते ती.

कडकचहा: लिहिणारा मीच. आमचा टॉवेलचा धंदा, सोलापूर. नव्या मुलाने परदेशी गिऱ्हाइकाला मेल टाकला: ‘अवर टॉवेल्स आर टू सॉफ्ट.’ त्याला म्हणायचं होतं खूप मऊ. समोरच्याने वाचलं नको इतके मऊ, आणि विचारलं, मग पाठवता कशाला? ‘व्हेरी’ लिहायला काय जातं? भुर्दंड मला पडतो.

गोदाकाठ: मी पाचवीपासून इंग्रजी शिकलो. २००० साली मराठी शाळांत ते पहिलीपासून आलं. माझी मुलगी त्यातलीच, तीही ‘ऑल्दो-बट’च लिहिते. काय मिळवलं?

शाईपेन: शाळेचा विषय वेगळा आहे, दादा.

गोदाकाठ: वेगळा कसा? मुलाखतीत मी ‘आय केम टुडे ओन्ली’ म्हणालो. आपल्या ‘आजच’मधला ‘च’ होता तो. तिघे हसले. नोकरी गेली. पंधरा वर्षं झाली, अजून इंग्रजीत बोलायचं म्हटलं की घसा कोरडा पडतो. तुमच्यासारखेच होते ते, चहावाले!

कडकचहा: मी कुणाला हसलेलो नाही. तोंड सांभाळून बोला.

जुनीवही: भांडताय, पण नियम अर्धाच सांगताय. ‘दो’, म्हणजे ‘ऑल्दो’चंच छोटं रूप, त्यासोबत ‘येट’ (‘तरी’) चालतं. किंग जेम्स बायबल, १६११, ईयोबाचं पुस्तक: ‘दो ही स्ले मी, येट विल आय ट्रस्ट इन हिम.’ आपलं जरी-तरीच की! ‘येट’ क्रियाविशेषण म्हणून येतं, म्हणून खपतं. ‘बट’ दोन बरोबरीची वाक्यं जोडतं, आणि ‘ऑल्दो’ने तर एक वाक्य आधीच दुसऱ्याच्या हाताखाली दिलेलं असतं.

कडकचहा: ‘येट’चं माहीत नव्हतं. मान्य. ‘डिस्पाइट ऑफ’ला मात्र माफी नाही. ‘ऑफ’ लागतो तो ‘इन स्पाइट’ला.

शाईपेन: माफी कोण मागतंय? तो ‘बट’ खोडा आणि पुढची ओळ वाचा, एवढंच.

कडकचहा: दोन अर्ज बाजूला ठेवले होते. काढतो परत. घेईनच असं नाही.