मदत हवी आहे: बोटीचा डेक वरून कापू की खालून?

जुनी फायबरग्लासची शिडाची बोट घरीच दुरुस्त करतोय. खालचा सांगाडा ठणठणीत आहे, पण डोलकाठीच्या पुढे डेकवर पाय दिला की दबतो. प्लास्टिकच्या हातोडीने ठोकत गेलो, तर इतरत्र टणटण आणि रेलिंगच्या खांबांपाशी भद्द आवाज. तिथला एक बोल्ट काढला, तर भोकातून डेकच्या दोन फायबरग्लास थरांमधल्या गाभ्याचा, म्हणजे बाल्सा या हलक्या लाकडाचा, काळा, ओला भुगा आला.

भोकं पाडून इपॉक्सी (घट्ट होणारं चिकट रेझिन) भरा, असं सांगणारे बरेच भेटतात. ओल्या, कुजक्या लाकडाला रेझिन धरणार कसं? तेव्हा तो मार्ग बाद. गाभा बदलायचाच.

वरून कापलं तर काम सोपं, पण पाय घसरू नये म्हणून असलेली डेकवरची नक्षी जाते. खालून केबिनच्या छतातून केलं तर ती वाचते, पण रेझिन डोक्यावर गळणार, आणि फायबरची खाज वेगळीच! कोणी खालून केलंय का? नवा गाभा चिकटेपर्यंत वर दाबून कसा धरलात?

वरून केलं तर जोडाच्या कडा जाडीच्या 12 पट रुंद, उतरत्या घासेन. 3 मिमी थराला 36 मिमी. मग इपॉक्सीवर जेलकोट (फायबरग्लासवरचा बाहेरचा रंगीत, चकचकीत थर) टिकतो, की सरळ दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंगच द्यावा?