टेक्सासमध्ये अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना राज्यशास्त्राची सक्ती कशासाठी?

प्लेनोकर: माझी मुलगी टेक्सासच्या सार्वजनिक विद्यापीठात संगणक अभियांत्रिकी शिकते आहे. राज्यशास्त्राची सहा क्रेडिट, म्हणजे संघराज्य आणि टेक्सास यांच्या शासनव्यवस्थेवरचे दोन अभ्यासक्रम, पूर्ण केल्याशिवाय तिला पदवी मिळणार नाही. बारावीत अर्धे वर्ष हेच शिकून झाल्यावर त्यासाठी पुन्हा शुल्क घेणे ही निव्वळ लूट आहे.

राज्यशास्त्र_शिक्षिका: ‘लूट’ हा शब्द वाचून उत्तर दिल्यावाचून राहवत नाही, कारण मी हाच विषय शिकवते. अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे, म्हणजे सिनेटचे, 100 सदस्य असतात हे मुलांना पाठ असते. पण 41 सदस्य बहुमताचे विधेयक कसे रोखून धरतात असे विचारले की वर्ग गप्प होतो, कारण चर्चा थांबवून विधेयक मतदानाला घेण्यासाठी 60 मते लागतात ही अट संविधानात नसून सिनेटच्या स्वतःच्या नियमांत आहे. मतदानाचे वय 1971 साली 18 वर आले, तरीही टेक्सासमधल्याच वॉलर काउंटीतल्या (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग) मतदार नोंदणी अधिकाऱ्याने प्रेअरी व्ह्यू येथील विद्यापीठाच्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपुढे वेगळी प्रश्नावली ठेवून त्यांची नावे मतदार यादीबाहेर ठेवली होती. 1979 साली सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या बाजूचा निकाल कायम केला. हे बारावीत कोणी शिकवले होते?

ऑस्टिनचा_पालक: आपण म्हणता तसा वर्ग माझ्या मुलाला मिळाला नाही. मोठ्या सभागृहात व्याख्यान, गृहपाठ प्रकाशकाच्या संकेतस्थळावर आणि त्यासाठी विकत घेतलेला ॲक्सेस कोड, जो सत्र संपताच निरुपयोगी झाला. जुने पुस्तक निदान पुढच्या विद्यार्थ्याला विकता येत असे.

राज्यशास्त्र_शिक्षिका: कोडबद्दलची तक्रार रास्त आहे, परंतु तो निर्णय विभागाची समिती घेते.

ऑस्टिनचा_पालक: विषयाची थोरवी सांगताना आपण पुढे असता आणि पैशांचा प्रश्न आला की समितीकडे बोट दाखवता, याचा मला संताप येतो. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातून चालणाऱ्या ओपनस्टॅक्सचे याच विषयाचे पाठ्यपुस्तक विनामूल्य उपलब्ध असताना गृहपाठ जमा करण्यासाठी पैसे का मोजायचे? ज्या विषयात करदात्याला हिशेब मागायला शिकवायचे, त्याच विषयात विद्यार्थ्याने हिशेब मागू नये काय?

व्हिसावरची_विद्यार्थिनी: मला येथे मताधिकार नाही आणि राज्याबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठीच्या चढ्या दराने शुल्क भरावे लागते, तरीही सक्ती मलाही आहे. या अन्यायावर येथे कोणीच बोलत नाही.

राज्यशास्त्र_शिक्षिका: कोडविरुद्ध मी समितीत मत दिले होते आणि हरले, यापुढेही देईन. मात्र मताधिकार नसलेल्या व्यक्तीलाही येथील कायदे लागू होतात, म्हणून तिलाही हे ज्ञान हवेच.

प्लेनोकर: वॉलर काउंटीचा दाखला मान्य करावा लागतो. तरीही तीन क्रेडिट पुरेशी आहेत. टेक्सासचा अभ्यासक्रम वगळावा.

राज्यशास्त्र_शिक्षिका: नेमका तोच वगळू नये. येथे विधिमंडळाचे नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदा, जास्तीत जास्त 140 दिवस भरते. व्यक्तींवर राज्याचा आयकर नाही आणि 2019 पासून राज्याच्या संविधानानेच त्याला मनाई केली आहे, म्हणून शाळांचा मोठा भार घरपट्टीवर पडतो. शिवाय 1993 च्या कायद्यामुळे प्लेनोसारख्या संपन्न शालेय जिल्ह्यांच्या (सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांच्या) घरपट्टीतला वाटा इतरत्र वळवला जातो. ही पट्टी उद्या आपल्या मुलीलाच भरायची आहे.