जिन्याखालचं टॉयलेट बसणार नाही

तुम्ही इथे टाकलेल्या घराच्या प्लॅनवर वर सगळी चर्चा किचनच्या दिशेवर चालली आहे, पण खरी अडचण जिन्याची आहे. ७ × १० फुटांच्या चौकोनात जिना आणि मधल्या लँडिंगखाली (जिना वळतो त्या सपाट जागेखाली) टॉयलेट दाखवलंय.

हिशोब करून बघा. खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत १० फूट, म्हणजे १२० इंच. पायरीची उंची पावणेसात इंचाच्या आत ठेवायची तर १८ उठाव (पायऱ्यांचे उभे चढ), वळणाच्या एका बाजूला ९. लँडिंग ६० इंचांवर येतं. त्यातून स्लॅब आणि फरशीचे ६-७ इंच वजा केले की खाली जेमतेम साडेचार फूट उरतात. तिथे उभंच राहता येणार नाही. ती जागा स्टोअर किंवा इन्व्हर्टरला द्या, टॉयलेट बेडरूमच्या बाथरूमला पाठीला पाठ लावून घ्या. पाइपही एकाच डक्टमध्ये येतील.

लांबी: नववा उठाव थेट लँडिंगवर जातो, म्हणून पाय ठेवायच्या १० इंचांच्या ८ पायऱ्या ८० इंच, लँडिंग ३६, एकूण ११६. चौकोन इथेच संपला. पहिल्या पायरीपुढे किमान तीन फूट मोकळे हवेत, आणि तुमच्याकडे तिथे डायनिंगच्या खुर्च्या आहेत. टेबल सरकवा नाहीतर जिना १३ फूट धरा. रुंदी पुरते, मात्र मापं प्लॅस्टरनंतरची आहेत ना, हे आर्किटेक्टला नक्की विचारा.