मदत हवी आहे : पेशी मेलेल्या दिसतात, पण एमटीटी टेस्ट म्हणते जिवंत!

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात एम.एस्सी. बायोकेमिस्ट्री करते, शेवटचं सेमिस्टर. प्रोजेक्ट हिरड्याच्या सालीवर. साल राधानगरीकडच्या मामांच्या बांधावरच्या झाडाची. सावलीत वाळवून सॉक्सलेट उपकरणामध्ये मेथॅनॉलनं अर्क काढला, डीएमएसओ या द्रावकात विरघळवला आणि एमसीएफ-७ (स्तनाच्या कर्करोगाच्या) पेशींना २५ ते २०० मायक्रोग्रॅम प्रति मिली असा ४८ तास दिला.

घोळ असा की २०० मात्रेच्या वेलमध्ये (प्लेटमधल्या खळग्यात) पेशी गोल होऊन सुटून तरंगतायत, पण एमटीटी (जिवंत पेशी ओळखायचा पिवळा रंग) घालून ५७० नॅनोमीटरला रीडिंग घेतलं की जिवंत पेशी अर्क न दिलेल्या पेशींच्या ११८ टक्के! मात्रा वाढवावी तसा जांभळा रंग आणखी गडद. तीनदा तेच. गाईड म्हणतात, पिपेटिंग सुधार.

काल वैतागून पेशी न घालताच मीडियम (पेशी वाढवायचं द्रावण), अर्क आणि एमटीटी ठेवलं. तासाभरात जांभळं! पिवळ्या एमटीटीचं जांभळं फॉर्मॅझान जिवंत पेशींनी करायचं असतं. इथं पेशीच नाहीत, म्हणजे अर्कातलं टॅनिनच (सालीतलं तुरट द्रव्य) ते काम करतंय ना?

आता दुसरी शंका, जी मला जास्त छळतेय. टॅनिन प्रथिनांना चिकटतं. आपल्या कोल्हापुरी चपलेचं कातडं हिरडा-बाभळीनंच कमावतात. मग माझ्या पेशी औषधानं मरतायत की नुसत्या कमावल्या जातायत? नॉर्मल पेशींवर टेस्ट करायला 'वेळ नाही' असं उत्तर मिळालंय. सबमिशन तीन आठवड्यांवर. काय करू?

(त्यात मामांनी गावभर सांगितलंय की पोरीनं कॅन्सरवर औषध काढलं. शेजारच्या काकूंसाठी बाटली मागतायत. काकूंची केमो चालू आहे.)

प्रतिसाद १ : पिपेटिंगचा दोष नाही हा. एमटीटी घालायच्या आधी अर्काचं मीडियम काढून पीबीएसनं (पेशींना चालणाऱ्या खारट द्रावणानं) धू, आणि अर्क असलेला, पेशी नसलेला ब्लँक प्रत्येक मात्रेला ठेव. त्याहून बरं म्हणजे एसआरबी (सल्फोरोडामाइन बी) रंगाची टेस्ट कर. त्यात टीसीए आम्लानं पेशी जागच्या जागी फिक्स करून रंग प्रथिनांना लागतो, एमटीटीसारखा जिवंत पेशींतल्या एन्झाइमचा संबंधच नाही. टॅनिनची शंका फेडायची तर अर्काचा एक भाग पीव्हीपीपी या न विरघळणाऱ्या पावडरीमधून काढ, टॅनिन त्याला चिकटून मागं राहतं. मग परिणाम उरला तर पुढं बोलू. नॉर्मल पेशी मात्र हव्यातच, व्हायव्हात पहिला प्रश्न तोच येणार. आणि बाटली कुणाला देऊ नकोस बाई, प्लेटमधल्या पेशी तर दारूनंही मरतात.

धागाकर्ती : लय आभार! पीव्हीपीपी आमच्याकडं नाही, पण बॉटनीवाले डीएनए काढताना तसलंच काहीतरी वापरतात, सोमवारी त्यांच्याकडं जाते. मामांना फोन अजून केलेला नाही.